काही झालं तर

मराठी घरातून बाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दिवा कोणी 'विझवत' नाही; त्याला निरोप देतात किंवा तो शांत करतात. देवापुढे नारळ फोडला तरी तो 'वाढवला' असेच म्हणायचे, आणि रात्री दुकानदार फळ्या लावतो तेव्हा तोही दुकान 'वाढवतो'. करंड्यातले कुंकू सरले की 'कुंकू वाढले'. अंधार पडल्यावर सापाचे नाव घ्यायचे नाही, 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणायचे. ज्या रोगाने पिढ्यान् पिढ्या घरातली मुले नेली त्याला तर आपण थेट 'देवी' म्हटले, आणि त्याची लस टोचण्याला 'देवी काढणे'. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आमच्या आईवडिलांच्या दंडावरचे व्रण मात्र अजून 'देवीचे'च आहेत.

अर्थपरिवर्तन शिकवताना ही उदाहरणे हमखास रंगतात. विद्यार्थी आपापल्या घरचे शब्द सांगू लागतात. घरात अभद्र बोलू नये, कारण वास्तू 'तथास्तु' म्हणते, हे कोणीतरी आजीच्या आवाजात म्हणून दाखवते. आणि मग मागच्या बाकावरून तो प्रश्न येतो : "पण तुम्ही हे मानता का?" उत्तर सोपे आहे. नाही. उच्चारलेल्या शब्दाने माणूस परत येत नाही आणि शब्दाने मरतही नाही. एवढे सांगून आम्ही खडू खाली ठेवतो, हजेरीपट उचलतो, आणि संध्याकाळी कुणाच्या घरून निघताना चपला घालता घालता 'येतो' म्हणतो. न मानणे आणि तरीही म्हणणे यांच्यामधली ही जागा वय वाढेल तशी रुंदावत जाते, असा आमचा अनुभव आहे. हा लेख त्या जागेविषयी आहे.

'आम्ही' म्हणजे पाच जण. २००१ ते २००३ या काळात एकाच वर्गात मराठी घेऊन एम.ए. केलेले, आणि आता पाच गावांतल्या पाच महाविद्यालयांत मराठी शिकवणारे. या लेखातला 'आम्ही' पाचांचा आहे. ज्या गोष्टी एकाच्या किंवा एकीच्या आहेत त्या तशाच सांगितल्या आहेत.

आमची पिढी या बाबतीत जरा विशेष म्हणायला हवी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागला तेव्हा आम्ही दहावी-अकरावीत होतो. देवळापुढच्या रांगा आम्ही डोळ्यांनी पाहिल्या, आणि पाठोपाठ पृष्ठताण व केशाकर्षण हे पाठ्यपुस्तकातले शब्दही वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर पाहिले. पुस्तकातले विज्ञान एवढ्या झटपट रस्त्यावर उतरलेले त्याआधी आम्हाला ठाऊक नव्हते. ११ ऑगस्ट १९९९ च्या सूर्यग्रहणात खग्रासाचा पट्टा गुजरातवरून गेला. आपल्याकडे ते खंडग्रास होते. आम्ही बी.ए.ला होतो. आमच्यातल्या एकीच्या शेजारची गर्भार बाई त्या संध्याकाळी दारे-खिडक्या लावून अंधारात निश्चल बसून राहिली होती. तिने काही चिरायचे नाही, हात-पाय दुमडायचे नाहीत, असा दंडक होता. आमची ही मैत्रीण मुद्दाम अंगणात उभी राहून चिवडा खात होती.

विद्यापीठात आलो तेव्हा हा चिवडा आम्हा सगळ्यांचाच झाला. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम आमच्यातला एक जण करत असे. त्याच्यामुळे चमत्कारांमागची हातचलाखी आम्हाला पाठ झाली. अमावास्येला प्रवासाला निघणे, रात्री नखे कापणे, तिघांनीच कामाला जाणे हे आमचे छोटे छोटे पराक्रम होते. कॅन्टीनमध्ये पाल चुकचुकली की आम्ही तिला 'अनुमोदन मिळाले' म्हणत असू. कुणाच्या मनगटावर नवा दोरा दिसला की त्या दिवसाचा चहा त्याच्याकडून, आणि चहा संपेपर्यंत वाद. त्या वयात मैत्री म्हणजे समोरच्याचे मत बदलेपर्यंत त्याला न सोडणे. कित्येकदा शेवटची बस चुकेपर्यंत आम्ही एकमेकांना सोडले नाही.

आज त्या पाचांकडे पाहावे. एकाला प्रश्नपत्रिका काढताना ठरावीकच पेन लागते. ते सापडेपर्यंत तो कोरा कागद पुढे घेऊन बसतो. एक जण आईचा रक्तदाब महिनाभर ताब्यात असल्याचे सांगतो आणि तत्काळ टेबलाला हात लावून 'टच वुड' म्हणतो. आजीच्या मीठमोहऱ्यांना हसलेल्या आमच्या पिढीने इंग्रजांची ही दृष्ट काढण्याची रीत मात्र विनातक्रार उचलली, याची गंमत भाषेच्या अभ्यासकांनी जरूर नोंदवावी. अंगणात चिवडा खाणारी मैत्रीण मुलाला बारावीच्या पेपरला निघताना हातावर दही देते. आणि आम्हा पाचांचा मिळून एक अलिखित नियम आहे. रात्री दहानंतर कोणी कोणाला फोन करायचा झाला, तर आधी 'सगळे ठीक आहे' एवढा निरोप पाठवायचा आणि मगच फोन लावायचा. ही अंधश्रद्धा नाही, सोय आहे. परंतु ती कोणत्या भीतीतून आली हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. सत्तरी ओलांडलेले आईवडील ज्यांच्या घरात आहेत त्यांना ते वेगळे सांगायला नको.

माणूस म्हातारपणाकडे झुकला की भाविक होतो, असे एक ढोबळ विधान नेहमी केले जाते. आम्हाला ते पटत नाही. आमच्यापैकी कोणाचीही मते बदललेली नाहीत. आजही कोणी विचारले तर पाचही जण कार्यकारणभावाच्याच बाजूने बोलतील. बदलले आहे ते दुसरेच काही. ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर राहून तिथल्या कोळ्यांचा अभ्यास केला. प्रवाळाच्या आत, शांत पाण्यात मासे धरताना हे लोक मंत्रतंत्र करत नसत. तिथे कौशल्य पुरे पडे. खुल्या समुद्रात निघायचे असले की मात्र विधी आलेच, कारण तिथे जीव धोक्यात असे आणि हाती काय लागेल याची शाश्वती नसे. तोच कोळी, तीच अक्कल. फरक फक्त पाण्याचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारा आपल्याकडचा कोळीही होडीची डागडुजी करताना नारळाच्या भरवशावर राहत नाही. होडी स्वतःच्या हाताने नीट करतो आणि जे हातात नाही त्यासाठी नारळ देतो.

बाविसाव्या वर्षी आम्ही प्रवाळाच्या आत होतो. अमावास्येला निघालो, कारण गमावण्याजोगे फारसे काही जवळ नव्हते. आता मुले आहेत, त्यांच्या परीक्षा आहेत, आईवडिलांच्या तपासण्यांचे अहवाल आहेत, स्वतःच्या छातीत मधूनच उठणारी एखादी कळ आहे. ज्या गोष्टींवर जीव आहे त्यांची यादी लांबली आणि त्यांपैकी आपल्या हातात काय आहे याची यादी आखूड झाली. दह्याची कवडी या दोन याद्यांमधल्या फटीत ठेवलेली असते. त्या दह्याने मुलाला गुण मिळतील असे त्याच्या आईला वाटत नाही. पण त्या क्षणी तिला काहीतरी करायचे असते, आणि करण्यासारखे दुसरे काही उरलेले नसते.

मैत्रीतही मग एक बदल होतो. वाद कमी होतात. दोरा दिसला तरी आपण चहा मागत नाही. दोरा का आला असेल याचा विचार करतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या दिवशी समितीचे काम करणाऱ्या आमच्या मित्राकडे आम्ही चौघेही गेलो होतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. या मित्राने काम सोडले नाही. आम्हाला वाटले होते, तो आता अधिक कडवा होईल. झाला उलट, अधिक नेमका. आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे, ही समितीची भूमिका तो पूर्वी व्याख्यानात सांगे. आता ती त्याच्या वागण्यात दिसू लागली.

२०१८ मध्ये आमच्यातल्या एकाच्या वडिलांवर हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. त्याच्या आईला कुलदैवताचा अंगारा त्यांच्या उशाखाली हवा होता. घरचे सगळे रुग्णालयात अडकलेले. शेवटी हा मित्रच स्कूटरवरून गेला, देवळातून पुडी घेऊन आला, आणि काकूंच्या हातात देऊन औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. नंतर आम्ही त्याला छेडले, तेव्हा तो म्हणाला, "अंगारा उशाखाली आहे ना? सलाईनच्या जागी तर नाही. मग माझं काय जातं?"

हे वाक्य आम्हाला बरेच दिवस पुरले. समजुती तोलायचा तो एक सोयीस्कर काटा होता. जी समजूत डॉक्टरला अडवत नाही, कुणाचे पैसे उकळत नाही, कुणाला इजा करत नाही, तिला उशाखाली राहू द्यावे. जी अडवते तिच्याशी भांडावे. चाळिशीतली मैत्री अशा काट्यावर बरी चालते. परंतु पुढे एक प्रसंग असा आला की तिथे हा काटा हलेचना.

त्याकडे जाण्यापूर्वी पुन्हा थोडे शब्दांकडे वळायला हवे. नारळ आणि कुंकू वाढते तशी बांगडीही वाढते. सवाष्णीच्या हातातली काचेची बांगडी तडकली तर ती 'फुटली' म्हणायचे नाही. मंगळसूत्राचा दोरा तुटला तर ते 'वाढवले'. केवढी काळजी आहे या शब्दात! काचेच्या तुकड्यालासुद्धा लागू नये अशा बेताने भाषा जपून पाऊल टाकते. आणि त्याच बाईचा नवरा गेला की तिच्या बांगड्यांना ही भाषा कोणता शब्द वापरते? 'फोडणे'. तिथे 'वाढवणे' नाही, निरोप नाही. ज्या समाजाने दिव्याला विझू दिले नाही त्याने हे क्रियापद मात्र जसेच्या तसे ठेवले. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ मधल्या 'स्त्रीपुरुषतुलना'तली विधवांच्या स्थितीची चर्चा वर्गात शिकवताना हा एक शब्द फळ्यावर लिहावा. पुष्कळसे विवेचन त्यात आपोआप येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका गावाने क्रियापद बदलले, असे आम्ही वर्गात सांगतो.

आमच्या पाचांतल्या एकीचे यजमान एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हा बांगड्या फोडायला कोणी जमू शकत नव्हते. ती स्वतःही ते होऊ देणारी नव्हती. महिनाभराने ती कपाळावर टिकली लावून ऑनलाइन तास घेऊ लागली. सासरच्यांनी काही म्हटले नाही. ताराबाई ती वर्षानुवर्षे शिकवत होती आणि हेरवाडच्या ठरावाचे कात्रण तिनेच आम्हाला पाठवले होते. या बाबतीत तिला कोणी काही समजावून सांगावे अशी परिस्थिती नव्हतीच.

२०२३ मध्ये आमच्यातल्या दुसरीच्या धाकट्या बहिणीचे डोहाळजेवण ठरले. आम्ही एम.ए.ला होतो तेव्हा ही मुलगी पाचवीत होती. सुट्टीत वसतिगृहावर येऊन राहायची. तिला कविता पाठ करून घेण्याचे काम आज विधवा असलेल्या मैत्रिणीकडे असे. दोघींचे फार गूळपीठ. पाळण्याची सजावट कशी करायची यापासून सगळे या मैत्रिणीने ठरवले, हिरव्या साडीचा पोत तिने निवडला, आणि दोन दिवस आधी फोन करून सांगितले की ती येणार नाही.

दोन-तीन सबबी झाल्या. मग ती खरे बोलली. "अगं, मी हे मानत नाही, तुला ठाऊक आहे. तुम्ही कोणी मानत नाही, तिच्या सासूबाईसुद्धा या म्हणाल्यात. पण मी ओटी भरली, आणि काही झालं तर? जग काही म्हणणार नाही. मला वाटेल. आयुष्यभर वाटेल."

आमच्या मित्राचा काटा इथे निरुपयोगी होता. कोणी कोणाला अडवले नव्हते, कोणी पैसे घेतले नव्हते, कोणी हाकलले नव्हते. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या विचारांविरुद्ध, एक शिकलेली बाई स्वतःला उंबऱ्याबाहेर उभी करत होती. आणि तेही द्वेषाने वा धाकाने नव्हे, त्या मुलीवरच्या मायेने. तिच्याशी वाद कसा घालायचा? 'काही झालं तर' या तीन शब्दांना कोणत्याही तर्कशास्त्रात उत्तर नाही. काही होणार नाही अशी हमी विज्ञानही देत नाही. ते फार तर एवढेच सांगते की, झाले तर ते तुझ्यामुळे नसेल. आणि एवढे तर तिलाही ठाऊक होतेच.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे फोनवर एकत्र होतो. तिला एकटीला सोडावे, तिचा निर्णय तिचा, असे एकाचे मत. आजवरच्या आमच्या शहाण्या, समंजस मैत्रीला ते धरून होते. समितीतला मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हिला पटवायचं काही नाही. पटलेलंच आहे. ही एकटी घाबरली आहे, एवढंच." जिच्या बहिणीचे डोहाळजेवण होते ती यानंतर कोणालाही न विचारता रात्रीच्या गाडीने तिच्या गावी गेली. तिथे फार बोलणे झाले नाही, असे ती सांगते. ती एवढेच म्हणाली, "तू ओटी भर. आपण पाचही जण भरू, त्या दोघांनाही भरायला लावते. काही झालं तर ते पाचांमुळे होईल. मग बघू कोण कोणाला दोष देतं."

ओटी पाचांनी भरली. पुरुषांनी ओटी भरल्याचे पाहून बायका हसत होत्या. एकाने तांदूळ सांडले आणि समितीतल्या मित्राला नारळ कसा धरायचा हेच कळेना. ती शेवटून दुसरी होती. तिचा हात थरथरत होता, हे आमच्याखेरीज बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे. धाकटीने तो हात क्षणभर धरून ठेवला आणि "ताई, तांदूळ नीट घाल, पदर निसटतोय," एवढेच म्हणाली.

तेव्हापासून आम्हाला असे वाटू लागले आहे की, मोठ्या वयातल्या बहुतेक लहानसहान समजुती या एकट्याने वाहिलेल्या काळज्या आहेत. रात्रीचा फोन वाजण्यापासून दह्याच्या कवडीपर्यंत प्रत्येकात एकटा माणूस भवितव्याशी काहीतरी समझोता करू पाहतो : मी एवढे पाळतो, तू तेवढे टाळ. तरुणपणीच्या मैत्रीने या समझोत्याची थट्टा केली; मध्यमवयाच्या मैत्रीने त्याकडे समंजसपणे काणाडोळा केला. पण काणाडोळा प्रत्येक वेळी पुरत नाही. ज्या समजुतीची किंमत माणूस स्वतःच्या जागेने चुकवतो, पंगतीतली, ओवाळणीतली, कुणाच्या ओटीजवळची जागा सोडून देतो, तिथे मित्रांनी बोलावे लागते. आणि बोलणे म्हणजे युक्तिवादच असायला हवा असे नाही. दोषाचा आगाऊ वाटा उचलणे हेही बोलणेच आहे.

वाचकांना उत्सुकता असेल म्हणून सांगतो : बाळ वेळेवर झाले, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. परंतु ही हकीकत आम्ही पुरावा म्हणून सांगत नाही. 'ओटी भरली आणि काही झाले नाही' हा युक्तिवाद 'ओटी भरली आणि काही झाले' या युक्तिवादाचाच सख्खा भाऊ आहे. एक मान्य केला की दुसऱ्याला दार उघडे राहते. वर्गात सांगताना आम्ही बाळाची बातमी मुद्दाम गाळतो. विद्यार्थी चिडतात, पुढे काय झाले ते विचारतात. त्यांना आम्ही उलट विचारतो की, काही विपरीत झाले असते तर आमचे करणे चुकीचे ठरले असते का? बहुतेक जण विचार करून 'नाही' म्हणतात. फक्त त्या परिस्थितीत आम्हा चौघांना पुष्कळ दिवस तिच्या घरी जाऊन बसावे लागले असते. त्या रात्री गाडीत बसताना आमच्या मैत्रिणीने ते गृहीत धरलेले होते.